ब्लॅक रिव्हरची मार्लिन-बोट: एका फिजिओथेरपिस्टचा अनुभव

समुद्रात मार्लिनसारखे मोठे मासे गळानं पकडायला बोट ठरवताना लोक इंजिनाची ताकद विचारतात, केबिनला एसी आहे का विचारतात, मागच्या आठवड्यात केवढा मासा लागला ते विचारतात. मी आधी मागच्या डेकवरच्या, मासा ओढताना बसायच्या खुर्चीचा पायटेकू बघते. तो पुढेमागे सरकतो का, त्याची खीळ खाऱ्या पाण्यानं गंजून जाम झाली आहे का, आणि पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचे दोन्ही तळवे त्यावर पूर्ण टेकतात का. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा दिवस दुखऱ्या कमरांमध्ये जातो, म्हणून नजर तिथे जाते हे खरं. पण या खेळात शंभर-दोनशे किलोच्या माशाचा सगळा ओढा शेवटी त्या पायटेकूवर येतो. तो धड नसेल तर बोट कितीही देखणी असो, मी तिच्यावर रॉड हातात घेणार नाही.

ही बोट मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर रिव्हिएर न्वारच्या खाडीतून सुटते. इंग्रजीत त्याच जागेला ब्लॅक रिव्हर म्हणतात. लांबी चाळीस फुटांच्या आसपास, दोन डिझेल इंजिनं, वर फ्लायब्रिज, म्हणजे केबिनच्या छतावरची बोट चालवायची जागा. कुटुंबाची बोट आहे. कॅप्टन स्वतःच मालक आणि डेकवर दोन मदतनीस. माझ्या धाकट्या भावाला या खेळाचं जुनं वेड. बोट त्यानं शोधली, मी पहिल्यांदा नुसती सोबत म्हणून गेले होते. आता तारखा मीच काढते.

पश्चिम किनाराच का, तर तिथे खोल पाणी दाराशी आहे. प्रवाळाची कड ओलांडली की तळ झपाट्यानं खाली जातो आणि थोड्याच अंतरात शेकडो मीटर खोली येते. बंदर सोडल्यावर दोन-तीन तास नुसतं पळत राहायचं, मग कुठे गळ टाकायचे, असं इथे नाही. शिवाय बेटावर वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून वारा असतो. मधल्या डोंगरांच्या आडोशानं पश्चिमेचं पाणी त्या मानानं शांत राहतं. नैऋत्य टोकाला ल मॉर्नचा ५५६ मीटर उंचीचा कडा उभा आहे. त्या टोकाजवळ प्रवाह वळतो, चारा-मासळी गोळा होते, तिच्यामागे बोनिटो, म्हणजे लहान टूना येतात आणि बोनिटोमागे भाल्यासारख्या चोचीचा मार्लिन. कॅप्टन दिवसभर हीच साखळी शोधत असतो. पक्षी कुठे झेप घेताहेत, पाण्याचा रंग कुठे बदलतोय, प्रवाहाच्या रेघेवर कचरा कुठे तरंगतोय, यावरून तो सुकाणू वळवतो. सोनार आहे, पण त्याच्या पडद्याकडे तो मधूनच बघतो.

या पाण्याची ख्याती जुनी आहे. १९६६ साली मॉरिशसला ११०० पौंडांचा, म्हणजे जवळपास ५०० किलोचा निळा मार्लिन लागला आणि तो त्या काळी जागतिक विक्रम होता. १९८८च्या नोव्हेंबरात खुद्द ब्लॅक रिव्हरला १११५ पौंडांचा माको शार्क मिळाला. तो विक्रम २००१ पर्यंत टिकला. १९८५ला याच बेटावर ४१ पौंड १४ औंसांचा बोनिटो मिळाल्याचीही नोंद आहे. बोनिटो म्हणजे इथे आमिषाचा मासा, तोही एकोणीस किलोचा! माझा भाऊ हे आकडे जप केल्यासारखे म्हणतो. मला त्यातून एवढंच कळलं की बोटीवरची सगळी सामग्री अशा वजनांसाठी तयार हवी, रोजच्या साध्या दिवसासाठीसुद्धा, कारण गळाला काय लागणार हे आधी कुणाला ठाऊक नसतं.

निळ्या मार्लिनचा हंगाम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत असतो. मार्च-एप्रिलला पिवळ्या परांचा टूना जोरात असतो. चक्रीवादळंही याच महिन्यांत येतात. म्हणून बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, हे आधीच लेखी घ्यावं. या कॅप्टननं ते आम्ही न मागता लिहून दिलं, आणि वाऱ्याचा निर्णय सर्वस्वी त्याचा राहील हेही त्यात लिहिलं. दुसरं वाक्य मला जास्त आवडलं. गिऱ्हाईक तयार आहे म्हणून नको त्या समुद्रात जाणारा कॅप्टन मला नको.

धक्का सोडण्याआधी त्यानं मला खुर्चीत बसवलं. नुसतं फोटोसाठी नाही. पायटेकू माझ्या पायांना पुरेल एवढा जवळ आणला, गुडघे किंचित वाकलेले राहतील असं बघितलं, मग नितंबांखाली येणारा हार्नेस चढवून त्याचे पट्टे रिळाच्या कड्यांना अडकवले. एक मदतनीस दोरीचं टोक धरून डेकच्या कडेला उभा राहिला आणि मासा ओढतो तशी दोरी ओढू लागला. ‘हात सैल सोडा, पायांनी ढकला,’ एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. क्लिनिकमध्ये मी कुणाला पहिल्यांदा वजन उचलायला शिकवते तेव्हा हेच करते: आधी रिकाम्या हातांनी, मग हलक्या वजनानं, आणि चूक दिसली की लगेच थांबवून. ही दहा मिनिटं या बोटीची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. भाऊ इतक्या बोटींवर गेला आहे, त्याला हे असं कुणी शिकवलेलं नव्हतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे दंडाचं काम आहे. तसं नाही. रॉडचं बूड खुर्चीच्या खोबणीत बसलेलं असतं. माशाचा ओढा रिळातून हार्नेसमध्ये, हार्नेसमधून कटीभागात आणि तिथून मांड्यांतून पायटेकूवर उतरतो. पाय लांब केले की शरीर मागे सरकतं आणि रॉड वर येतो. गुडघे वाकवत पुढे येताना जेवढी दोरी सैल पडते तेवढी रिळावर गुंडाळायची. उजवा हात हँडल फिरवतो, डाव्या हातानं दोरी रिळावर सगळीकडे सारखी बसवायची, कारण एका जागी ढीग झाला तर ती अडकते. पाठ सरळ. जे लोक कमरेतून वाकतात आणि झटका देत मागे पडतात, ते मणक्यांमधल्या चकतीवर वाकलेल्या अवस्थेत भार टाकत असतात, आणि तोही पुन्हा पुन्हा. संध्याकाळी त्यांना काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगावरून उठताना कळतं.

सामग्रीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथेच या बोटीशी माझं मत जुळलं. रिळं ८० आणि १३० पौंडी वर्गाची, म्हणजे तेवढ्या ताणापर्यंत टिकणाऱ्या दोरीची, लिव्हर ड्रॅगची, दोन गतींची. पहिल्या गतीवर दोरी भराभर येते. मासा खोल जाऊन बसला की बटण दाबून दुसरी गती घ्यायची, मग हँडल हळू फिरतं पण ताकद कमी लागते. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. ओढा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रीळ स्वतःच फिरून दोरी सोडतं, म्हणून ती तुटत नाही. कॅप्टन रोज सकाळी प्रत्येक रीळ स्प्रिंगच्या काट्याला लावून मोजतो. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा ब्रेक, म्हणजे १३० पौंडी दोरीला तीस-चाळीस पौंडांच्या दरम्यान. अंदाजानं लिव्हर ढकलून ‘बरोबर आहे’ म्हणणारे खूप असतात. इथे काटा लावतात, आकडा फळीवर खडूनं लिहितात.

मासा दोरी घेऊन पळत सुटला की नवखा माणूस घाबरून ब्रेक वाढवतो. करायचं असतं उलट. रिळावरची दोरी संपत जाते तसा उरलेल्या गुंडाळीचा व्यास कमी होतो, आणि लिव्हर जागच्या जागी असला तरी दोरीवरचा ताण वाढत जातो. व्यास निम्म्यावर आला तर ताण दुप्पट. वर पाण्यात पसरलेल्या शेकडो मीटर दोरीला पाण्याचा स्वतःचा अडथळा. म्हणून लांब धावेत लिव्हर थोडा मागे घ्यायचा. हे मला कॅप्टननं फ्लायब्रिजवरून ओरडून सांगितलं नाही, आधी धक्क्यावर शांतपणे समजावलं. त्यामुळे वेळ आली तेव्हा हात आपोआप तिकडे गेला.

आता मुद्दा जड दोरीचा. बारीक दोरीवर मोठा मासा आणणं म्हणजे खरी खिलाडूवृत्ती, असं मानणारे बरेच आहेत. मला ते अजिबात पटत नाही, आणि माझं कारण शरीरशास्त्राचं आहे. मार्लिन वेगाच्या धावेसाठी जे स्नायू वापरतो ते प्राणवायूशिवाय काम करतात. त्यात लॅक्टिक आम्ल साचतं, रक्ताचं आम्लपण वाढतं, आणि झुंज जितकी लांबते तितकं हे देणं फेडणं त्याला अवघड होत जातं. तीन-चार तास बारीक दोरीवर दमवलेला मासा सोडल्यावर पोहत गेला तरी तो जगलाच असं नाही. जड दोरीवर तोच मासा तासाच्या आत बोटीशी येतो, अंगात बळ असताना सुटतो. या बोटीवर मार्लिनसाठी ८० पौंडांच्या खाली जातच नाहीत. कुणी पाहुणा हलक्या सामग्रीचा हट्ट धरू लागला तर कॅप्टन त्याला वाहू आणि डोराडो या लहान माशांच्या मागे नेतो. या एका नियमासाठी मी ही बोट दहा जणांना सांगितली असेल.

पाण्यात एका वेळी पाच आमिषं असतात. दोन्ही बाजूंच्या लांब आउटरिगर काठ्यांवरून दोन, बोटीच्या कोपऱ्यांतून जवळ दोन, आणि मधोमध खूप मागे एक. वेग आठ नॉटच्या आसपास. प्रत्येक लूर, म्हणजे बनावट आमिष, बोटीमागे उठणाऱ्या लाटेच्या उतारावर ठेवतात. तो क्षणभर वर येऊन हवा गिळतो आणि बुडी मारताना मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो. ती रेघ नीट दिसत नसली की मदतनीस दोरी हातभर आत घेतो किंवा सोडतो. दिवसभर हे चालू. दोघांपैकी थोरला मदतनीस मराठी वंशाचा, त्याचे पणजोबा ऊसमळ्यात काम करायला या बेटावर आले होते. आमचं आपसातलं बोलणं ऐकून त्यानं आपण होऊन हे सांगितलं. त्याचं लक्ष मात्र बोलतानाही मागच्या लाटांवरच होतं.

कधी लूर काढून जिवंत बोनिटो लावतात, तेव्हा गळ बदलतो. जिवंत आमिषाला इथे टोक आत वळलेला गोल गळ वापरतात, ज्याला सर्कल हुक म्हणतात. मासा आमिष गिळून वळला की हा गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. जोरात झटका द्यायचा नाही, उलट दोरी आपोआप ताणू द्यायची. साधा गळ पोटात किंवा कल्ल्यांत रुतला तर रक्तस्राव होतो आणि तो मासा सोडण्यात अर्थ राहत नाही. बोट ठरवताना हा प्रश्न फोनवरच विचारता येतो, आणि उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर तेही पुरेसं उत्तर आहे.

बाकीचा बराचसा वेळ ऊन, इंजिनाचा आवाज आणि वाट बघणं. मळमळ होणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्रीपासून घ्यावी, निघाल्यावर घेऊन उपयोग कमी. केबिनमध्ये झोपू नये. बाहेर बसून क्षितिजाकडे बघावं. सकाळच्या वेळात एक वाहू लागला, भावानं आणला, दात असे की त्यासाठी गळाजवळ दोरीऐवजी तारेचा तुकडा, म्हणजे तारेचा लीडर लावावा लागतो. दोन बोनिटो आले.

मार्लिन उजव्या बाजूनं आला. आधी कोपऱ्यातल्या लूरमागे पाण्यात एक तपकिरी लांबट सावली दिसली, आणि मग तिच्या अंगावरचे पट्टे झगझगीत निळे झाले. हा मासा चवताळला की त्याचा रंग मज्जातंतूंच्या हुकमानं क्षणात बदलतो, हे मी वाचलेलं होतं; डोळ्यांनी बघणं वेगळं. रीळ किंचाळलं, दुसऱ्या मदतनिसानं बाकीच्या दोऱ्या भराभर आत घेतल्या, मी खुर्चीत, हार्नेस अडकवला, आणि पहिल्याच धावेत तीनशे मीटर दोरी गेली असेल. मासा उसळला तेव्हा तो माझ्या दोरीच्या दिशेला नव्हताच, बराच डावीकडे होता; दोरी पाण्यात वळसा घेऊन पडली होती. कॅप्टननं बोट उलटी घालून मागे नेली, तेवढ्या वेळात मी जमेल तेवढी गुंडाळली. खुर्ची फिरवायचं काम मदतनिसाचं. रॉडला मात्र त्यानं बोटही लावलं नाही, कारण १९३९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या नियमांत रॉड धरणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी रॉड, रीळ किंवा दोरीला हात लावला तर तो मासा नोंदीसाठी बाद होतो. कॅप्टननं धक्क्यावरच बजावलं होतं, ‘कमरेत कळ आली तर लगेच सांगा, रॉड दुसऱ्याला देऊ. विक्रम बिक्रम विसरा.’ पेशंटला सुरुवातीलाच थांबण्याची परवानगी दिली की तो व्यायाम अधिक निर्धास्तपणे करतो. माझंही तसंच झालं. मांड्या थरथरत होत्या, कंबर शाबूत होती. पाऊण तासाच्या आत मासा बोटीपाशी.

इथून पुढचं काम मदतनिसाचं, आणि सगळ्यात धोक्याचंही. मुख्य दोरीच्या टोकाला जाड लीडर असतो. तो हाताच्या टप्प्यात आला की मदतनीस हातमोजा घालून त्याचे एक-दोन वेढे तळहाताभोवती घेतो आणि मासा जवळ आणतो. वेढा चुकीचा पडला आणि माशानं बुडी मारली तर माणूस दोरीबरोबर पाण्यात जातो. या कामात माणसं दगावली आहेत. मी त्याचं मनगट बघत होते. मूठ उघडली की वेढा निसटेल अशा दिशेनं घेतलेला, अंगठा मोकळा, गुडघे कठड्याला टेकवलेले, आणि आत घेतलेला लीडर पायांत न साठू देता दुसरा मदतनीस लगोलग मागे टाकत होता. चाकू हाताशी. कठड्याजवळ तिसरा माणूस नाही. भाऊ व्हिडिओसाठी पुढे सरकला तेव्हा त्याला खांद्याला धरून मागे केलं.

मासा पाण्यातच राहिला. दीडशे किलोच्या वर असेल असा कॅप्टनचा अंदाज, म्हणजे बहुधा मादी, कारण निळ्या मार्लिनमधले नर एवढे मोठे क्वचितच होतात. मदतनिसानं चोच दोन्ही हातांनी धरली, कॅप्टननं बोट अगदी मंद पुढे चालू ठेवली. मार्लिनला जागेवर थांबून श्वास घेता येत नाही. तोंड उघडं ठेवून पुढे जाताना कल्ल्यांवरून वाहणारं पाणी हाच त्याचा श्वास. म्हणून गळ निघाला तरी ते लगेच सोडून देत नाहीत. दोघांपैकी एकानं पाठीवरच्या पराखाली खांद्याच्या स्नायूत टॅग, म्हणजे ओळखीची खूण बसवली, दुसरा चोच धरून होता, बोट चालत होती. रंग फिकट तपकिरी होता तो हळूहळू गडद झाला, शेपटीचे फटके सलग येऊ लागले, डोळा हलला. डोळ्याबद्दल सांगायलाच हवं: डोळ्याच्या एका स्नायूचं या माशात उष्णता निर्माण करणाऱ्या अवयवात रूपांतर झालेलं आहे. थंड, खोल पाण्यात बुडी मारली तरी मेंदू आणि डोळे ऊबदार राहतात, त्यामुळे नजर मंद होत नाही. माणसाच्या स्नायूंत आयुष्य गेलेल्या बाईला हे कळल्यावर त्या डोळ्याकडे बघताना काय वाटलं, ते लिहून सांगता येणार नाही. मग चोच धरणाऱ्यानं हात सोडला आणि मासा आपल्या बळावर गेला.

टॅगचं कार्ड कॅप्टननं तिथेच भरलं: जागा, तारीख, अंदाजे वजन, गळ कुठे लागला होता. अमेरिकेच्या डेलावेअर किनाऱ्याजवळ टॅग केलेला एक निळा मार्लिन ११०८ दिवसांनी मॉरिशसजवळ पुन्हा पकडला गेला होता. मधलं अंतर सुमारे १४,९०० किलोमीटर, आणि अटलांटिक सोडून हिंद महासागर! एका कार्डाच्या दोन नोंदींवरून हे कळलं, म्हणून कार्ड कंटाळून अर्धवट भरणारी बोट मला चालत नाही.

याच बेटावर आम्ही दुसऱ्या एका बोटीवरही गेलो आहोत. तिथे सेलफिश, म्हणजे मार्लिनसारखाच लांब चोचीचा मासा, कठड्यावरून आत ओढला, गरम डेकवर ठेवला, एकेकानं मांडीवर घेऊन फोटो काढले, आणि मग ‘सोडला’ म्हणून टाळ्या वाजवल्या. पाण्यात ज्या शरीराचं वजन पाणी उचलतं ते शरीर फळीवर ठेवलं की आतल्या अवयवांवर स्वतःचाच भार येतो. अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. श्वास तर बंदच असतो. त्या बोटीची खुर्ची इथल्यापेक्षा महाग होती.

मासा कोणाचा, हे आधी विचारावं. मॉरिशसला बऱ्याच बोटींवर पकडलेला मासा बोटीचा असतो, पाहुण्याचा नाही, आणि तो विकून येणारे पैसे कमाईचा भाग असतात. धुरी दिलेला मार्लिन तिथे आवडीनं खातात. या बोटीचा नियम असा: जिवंत मार्लिन आणि सेलफिश सोडायचे, मेलाच तर आणायचा आणि वाया घालवायचा नाही, टूना, वाहू, डोराडो बोटीचे, पाहुण्यांना त्यातला वाटा. मार्लिन सोडला की मदतनिसांचं उत्पन्न बुडतं, म्हणून कॅप्टन त्यांना सोडलेल्या प्रत्येक मार्लिनमागे वेगळे पैसे देतो आणि ती रक्कम भाड्यात धरलेली आहे. हा हिशेब मला फार योग्य वाटला. मासा सोडण्याचं पुण्य पाहुण्यानं घ्यायचं आणि खर्च डेकवरच्या पोरानं सोसायचा, हे बरोबर नाही.

निळा मार्लिन धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत असुरक्षित गटात आहे. त्याच्यावरचा मोठा भार टूनासाठी समुद्रात सोडलेल्या मैलोन्‌मैल गळदोऱ्यांचा आणि जाळ्यांचा आहे, हौशी बोटींचा नाही. हिंद महासागर टूना आयोगानं २०१८च्या ठरावात मार्लिन वर्गातल्या माशांसाठी पकडीच्या मर्यादा घातल्या आणि ६० सेंटिमीटरपेक्षा लहान मासे ठेवायला मनाई केली. तरीही हौशी बोटीवरचा एक मासा नीट सुटणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण तो निर्णय पूर्णपणे आपल्या हातात असतो.

आता उणिवा. बोट उलटी घेताना डिझेलचा धूर सरळ खुर्चीवर येतो; झुंजीच्या ऐन भरात मला दोनदा तोंड वळवावं लागलं. छत डेकचा अर्धाच भाग झाकतं, दुपारी खुर्ची उन्हात. हार्नेस एकाच मापाचा आहे, लहान चणीच्या माणसाला पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैल राहतात, आणि सैल हार्नेस कमरेच्या वर सरकला की सगळा फायदा गेला. मी त्यांना लहान मापाचा एक ठेवायला सांगितलं आहे. शौचालय स्वच्छ होतं, पण दार लाटेत आपटत राहतं.

भाडं युरोत आणि बोटीमागे, माणसामागे नाही. त्यामुळे पाच-सहा जणांत ते हलकं होतं, पण खुर्ची एकच. लोक वाढले की आपली पाळी कमी, आणि मार्लिन एखाद्याच वेळी येतो. पाळ्या धक्क्यावरच ठरवून घ्याव्यात, समुद्रात रीळ वाजल्यावर नाही. तिघे-चौघे जमवून पूर्ण दिवस घ्यावा. अर्ध्या दिवसात शरीर लाटांना सरावेपर्यंत परतायची वेळ होते.

जायच्या सहा आठवडे आधीपासून उठाबशा, भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठकीत थांबणं, आणि मुठीचा व्यायाम सुरू करा. दंड फुगवण्याची गरज नाही. चकती सरकलेली असेल, पायात सायटिकाची कळ येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा गरोदरपण असेल तर खुर्चीत बसू नका. कंबर-रक्तदाबवाल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून वर फ्लायब्रिजवर कॅप्टनशेजारची जागा मागावी. लूरमागून येणारा मार्लिन तिथून खुर्चीतल्या माणसाच्या आधी दिसतो.